माझी पट्टी काळी चार

मैत्रिणींनो, छत्तिसाव्या वर्षी मी गिटार शिकते आहे, हे वाचून तुमच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यात नवल नाही. आमच्या घरातही सगळ्यांच्या गेल्या होत्या. ‘भिशी लाव, शिवणाचा क्लास कर, पण हे काय बाई नवीनच खूळ!’ असं म्हणणाऱ्याही भेटल्या. म्हणूनच या खुळाबद्दल, आणि त्यातल्या सर्वांत अवघड पायरीबद्दल, चार शब्द लिहावेसे वाटले.

गिटार काही मी माझ्यासाठी घेतलेली नाही. चिरंजीवांनी हट्ट करून आणवली, आणि तीन महिन्यांत त्यांचा उत्साह क्रिकेटकडे वळला. गिटार कपाटावर जाऊन बसली. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी प्रवेशिकेपर्यंत दिल्या होत्या, तेवढीच माझी शिदोरी. सकाळची अर्धवेळ शाळा आटोपली, जेवणं झाली, की सोलापूरच्या उन्हात दुपारी दोन ते तीन कुणी दाराची कडीसुद्धा वाजवत नाही. तो तास मी धरला. शिकवणारा मुलगा जेमतेम बाविशीचा. तो मला ‘काकू’ म्हणतो आणि मी त्याला ‘सर’!

पहिले दोन महिने मजेत गेले. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवणे. आपल्या भाषेत सा, ग, प एकत्र. मोकळ्या तारांवरच्या कॉर्ड बोटांना लवकर सापडतात. पण पांढरी एक धरून एखादं सोपं गाणं घ्या. सा आणि पंचमाच्या कॉर्डबरोबर मध्यमाचीही बहुधा लागतेच. तिला म्हणतात ‘एफ’. तिच्यासाठी पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचे सूर धरायचे. हीच ती ‘बार’ कॉर्ड. पुष्कळांच्या गिटारी या एफपाशीच कपाटावर चढतात. आमच्या चिरंजीवांचीही इथेच चढली होती, हे मला मागाहून कळलं.

पंधरा दिवस माझ्या गिटारीतून सुराऐवजी नुसता टक् टक् आवाज येत होता. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, “अगं, तार तुटली की काय?” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “पण याचा उपयोग काय गं?” त्यात टोमणा नव्हता, खरीच शंका होती. उत्तर मात्र तेव्हा माझ्याजवळ नव्हतं.

कुणी शिकणारी असेल तर तिच्यासाठी युक्त्या सांगते. पहिली गोष्ट, त्या आडव्या बोटावर सहाही तारांचा भार नसतो. मधल्या तीन तारा बाकीची बोटं सांभाळतात. पहिल्या बोटाला दोन बारीक आणि एक सर्वांत जाड, अशा तीनच तारा वाजवायच्या असतात. ते बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलंडवायचं आणि पडद्याच्या अगदी लगत ठेवायचं. कणीक तिंबताना आपण नुसत्या बोटांनी का जोर काढतो? खांद्यापासून अख्खा हात कामाला लागतो. इथेही तेच. कोपर अंगाजवळ घ्यायचं, हाताचं वजन हलकेच मागे ओढायचं, म्हणजे अंगठ्याला चिमटा काढत बसावं लागत नाही.

दुसरं, सुरुवात पहिल्या पडद्यापासून नको. तिथे तारा सर्वांत ताठ लागतात. हीच बोटं पाचव्या पडद्यावर ठेवावीत आणि आठवड्याला एकेक पडदा खाली यावं. भांडी घासून लगेच वाजवू नये. भिजलेल्या बोटांना तार कापते. बोटांची टोकं दुखली तर घाबरू नये, पण मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखलं, मुंग्या आल्या, तर गिटार खाली ठेवावी.

‘या वयात बोटं वळायची नाहीत,’ असं कुणी म्हणालं तर मी जँगो राइनहार्टचं नाव सांगते. १९२८ साली लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांवर नव्याने शिकून तो जॅझचा जगप्रसिद्ध गिटारवादक झाला. आपल्या ब्रिजभूषण काब्रांनी तर गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी फिरवून राग वाजवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची गिटार त्यांचीच.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. आपण बायका जन्मभर गातो, पण कुणाच्या पट्टीत? आरती सासऱ्यांच्या पट्टीत, शाळेतली प्रार्थना पेटीवाल्या सरांच्या पट्टीत, सिनेमाचं गाणं लताबाईंच्या. कुठे आवाज खाली बुडतो, कुठे वर फाटतो, आणि आपण म्हणतो, ‘आता गळाच राहिला नाही!’ माझी पट्टी काळी चार. मोकळ्या तारांवर ती कॉर्ड मिळत नाही. पण एफची तीच बोटं न बदलता चौथ्या पडद्यावर सरकवली, की काळी चारचा सा तयार. नवव्या पडद्यावर मध्यम, अकराव्यावर पंचम. दांडीला लावायचा ‘कॅपो’ नावाचा चिमटाही मिळतो आणि त्यानेही पट्टी बदलते. पण आपल्याच बोटाने ती धरण्याचं सुख वेगळं.

पाच महिन्यांनी ती कॉर्ड स्वच्छ वाजली. त्या दुपारी लग्नाआधीचं एक भावगीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत गायले, कुठेही आवाज न चोरता. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “तू असं गातेस, हे मला ठाऊकच नव्हतं गं.” चौदा वर्षं एका घरात राहतो आम्ही! उपयोगाचा प्रश्न त्यांनी परत काढला नाही.

एफ अजून रोज वाजतेच असं नाही. दहा वेळांत सात वेळा लागते, तीनदा रुसते. भाजीला फोडणी देता देता मी आडवं बोट उलथन्यावर दाबून पाहते, आणि मुलं हसतात.

मैत्रिणींनो, तुम्ही गिटारच शिका असं माझं म्हणणं नाही. पण घरात किंवा शेजारी एखादी पेटी असेल, तर सगळे बाहेर गेल्यावर एकदा तिच्याजवळ बसा. हळूच सा लावा, एकेक पट्टी वर-खाली करून बघा, आणि तुमची पट्टी कोणती ते शोधून तरी ठेवा.