आधी पुनव, मग चेंडू

माणसाने लागोपाठ दोन दिवसांत किती गर्दी पाहावी, याला काही धरबंध असावा. मला तो नव्हता. २०१७ साली ऑक्टोबरच्या पाच तारखेला कोजागरी आली आणि सहा तारखेला सतरा वर्षांखालच्या मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेला भारतात तोंड लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असे कुणीही विचारील. संबंध माझ्या भाच्याने जोडला.

माझी थोरली बहीण, अक्का, सोलापुरात असते. तिचा मुलगा त्या वर्षी अकरावीत होता. सप्टेंबरात सरकारने राज्यातल्या शाळाशाळांतून फुटबॉल वाटले आणि एका दिवसात दहा लाख मुलांनी खेळावे, असा संकल्प सोडला. त्या दिवसापासून हा पोरगा खुळावला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर पहिल्याच दिवशी दोन सामने होते. त्याने मित्राकरवी दोन तिकिटे मिळवली आणि मग आईकडे परवानगी मागितली. क्रम उलटा झाला, हे त्याच्या उशिरा ध्यानात आले.

अक्काचा नवस होता. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जायचे, आणि तेही मुलाला घेऊन. तिने निकाल दिला, "आधी आईची पुनव, मग तुझा चेंडू. आणि मामाला बरोबर घेऊन जा, एकटा सोडत नाही मी." मी धाराशिवचा, तुळजापूर माझ्या दारातच. पण उलट्या बाजूने, सोलापुराकडून, मी कधी पायी चाललो नव्हतो. म्हणून चार तारखेला दुपारी एस.टी.ने सोलापूर गाठले आणि संध्याकाळी रूपाभवानीला नारळ फोडून आम्ही तिघे चालू लागलो.

हे अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. त्या दिवसांत हा रस्ता वाहनांना बंद करतात, गाड्या लांबच्या वाटांनी फिरवतात, आणि एरवी ट्रकांच्या मालकीची ती सडक माणसांच्या ताब्यात येते. हिप्परग्याचा तलाव उजेडात चकाकत होता. डोक्यावर परडी, गळ्यात कवड्यांची माळ, हातात पोत घेतलेले आराधी, कर्नाटकातून आलेली कानडी बोलणारी कुटुंबे, कडेवर पोरे घेतलेल्या बाया, मोबाइलवर गाणी लावलेली कॉलेजची पोरे, सगळा प्रवाह एकाच दिशेला. मधूनच कुणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणे आणि तो आवाज लाटेसारखा मागे मागे जाई.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव. एकात खिचडी, दुसऱ्यात केळी, तिसऱ्यात चहा. एका मांडवात चार व्यापारी गृहस्थ सतरंजीवर बसून येईल त्याच्या पायांना तेल चोळत होते. आमचे पोरगे लाजले. पण तामलवाडी येईतो त्याच्या पिंढऱ्या अशा भरून आल्या की लाज सोडून पाय पुढे केला. जिल्ह्याची हद्द इथेच लागते. पुढे माळुंब्रा, आणि मग घाट. पहाटे घाटाखाली आम्ही टेकलो, तेव्हा चंद्र पश्चिमेला गेला होता आणि बालाघाटाची कड काळी दिसत होती.

दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की तुळजाभवानी श्रमनिद्रेसाठी पलंगावर जाते, ती पौर्णिमेला पहाटे पुन्हा सिंहासनावर येते. तिची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती निद्रेला जाते. म्हणजे पाहा, नऊ दिवस माणसांची गर्दी सोसून खुद्द देवीलाही विश्रांती लागते! गावाला मात्र ती नाही. २०११च्या शिरगणतीत तुळजापूरची वस्ती सुमारे ३४ हजार. पौर्णिमेला या गावात लाखांनी माणूस उतरतो. घरात चार माणसे आणि दारात पन्नास पाहुणे, असा हा दरसालचा संसार.

मंदिर खोलात आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरत जावे लागते. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ करून मग खाली गाभारा. मी महाद्वाराशी हळदकुंकू घ्यायला थांबलो आणि अक्काचा हात सोडला. दोनच मिनिटे. वळून पाहतो तो अक्का नाही. मी हाक मारली. पण त्या गजरात हाकेला काय किंमत! गर्दीने मला चार पावले पुढे नेले, पोराला दुसरीकडे. त्याला कसाबसा दंडाला धरून बाजूला घेतला. अक्काला साखरेचा आजार. रात्रभर चाललेली. जवळ मोबाइल नव्हता, तो माझ्याच पिशवीत होता. चूक माझी, नि सर्वस्वी माझी.

हरवलेल्यांची नावे पुकारत होते, तिथे गेलो. ध्वनिक्षेपकावरचा माणूस न दमता वाचत होता. अमक्या गावची म्हातारी, लाल लुगडे. तमक्या गावचा मुलगा, वय सहा. आमचीही चिठ्ठी वाचली गेली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. पोरगा आता फुटबॉल विसरला होता. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. त्या पाऊण तासात माझ्या मनात मांढरदेवी येऊन गेली. २५ जानेवारी २००५, तीही पौर्णिमाच. सातारा जिल्ह्यातल्या त्या डोंगरावर नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांना लागलेली आग. तीनशेच्या घरात माणसे गेली. तिथेही सगळी नवस फेडायलाच आली होती.

शेवटी पोरानेच म्हटले, "मामा, आई पुजाऱ्याच्या घरी गेली असेल का?"

तुळजापुरात पिढ्यान्‌पिढ्यांचे पुजारी असतात. आपल्या घराण्याचा पुजारी ठरलेला, उतरायचे त्याच्याच घरी, नावे त्याच्या वहीत. आम्ही धावत गेलो. अक्का ओसरीवर पाय पसरून चहा पीत बसली होती! वर आमच्यावरच डाफरली, "किती वेळ लावलात? चुकामूक झाली तर पुजाऱ्याच्या घरी यायचं, हे आईनं लहानपणी सांगितलेलं नाही का तुला?"

सांगितले होते. मी विसरलो होतो.

दर्शन झाले, दुपार टळली. लांबच्या वाटेने फिरून आलेल्या एस.टी.ने सोलापूरला परतलो आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये मामा-भाचे असे झोपलो की ठाणे आले तेव्हा शेजारच्या प्रवाशाने उठवले. तिथून लोकलने नेरूळ.

तिथला थाट निराळा. मैदानाच्या कितीतरी अलीकडे वाहने अडवलेली. तिकिटावर दरवाजा, विभाग, रांग, खुर्ची, सगळे छापलेले. पिशव्या तपासल्या, बाटली बाहेर राहिली. पोराच्या खिशातल्या कुंकवाच्या पुडीकडे तपासनिसाने जरा निरखून पाहिले, मग हसून सोडून दिले. आत शिरताना भाचा मला म्हणाला, "मामा, चुकलात तर या दरवाजापाशी या. मी इथंच थांबीन." एका दिवसात पोरगा आपल्या आजीचे शहाणपण शिकला होता.

पाच वाजता न्यूझीलंड आणि तुर्कस्तान, एकेक गोल. आठ वाजता पॅराग्वे आणि माली. पॅराग्वेने ३-२ असा जिंकला. खेळ मला फारसा कळला नाही. मी माणसे पाहत होतो. ती आली कशी, बसली कशी, आणि मुख्य म्हणजे गेली कशी. दुसरा सामना संपताच सगळे उठले, आणि थोड्याच वेळात आम्ही रस्त्यावर होतो. कुणी कुणाला ढकलले नाही. कालच्या पायऱ्या आठवून मी भाच्याचा दंड मात्र सोडला नव्हता.

पुढे कुतूहलाने मी या शास्त्राविषयी थोडे वाचले. इंग्लंडमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचे एक मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात हिशेब दिला आहे, की एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेने मिनिटाला ८२ माणसे जाऊ शकतात, पायऱ्यांवरून ६६. आता समजा, पायऱ्या चार मीटर रुंद आहेत. मिनिटाला २६४, तासाला १५,८४०. एक लाख माणूस उतरायला सहा तासांहून जास्त लागणार, आणि तेही कुणी न थांबता, न वाकता. पण देवळाच्या पायरीवर माणूस थांबतो, वाकतो, कपाळ टेकतो. त्यासाठीच तर तो आलेला असतो!

गर्दी आंधळी असते, असे आपण म्हणतो. तसे नाही. १९८९ साली इंग्लंडमध्ये हिल्सबरोच्या मैदानावर ९७ माणसे चेंगरून गेली. बाहेरची दाटी कमी व्हावी म्हणून एक मोठा दरवाजा उघडला होता, आणि लोक बोगद्यातून आधीच भरलेल्या कठड्यांत शिरत राहिले. पुढे काय झाले आहे, हे मागच्याला दिसत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी पाहायचे असते आणि मागच्याला वेळेवर थांबवायचे असते. यजमानपणाचे सारे मर्म एवढ्यात आले.

मग यजमान मोठा कोणता? नवी मुंबईला माहीत होते, किती तिकिटे विकली, सामना किती वाजता सुटणार. सोयीचे नसले तर सामना हलवताही येतो. त्याच स्पर्धेत गुवाहाटीचे मैदान पावसाने खराब झाले, तेव्हा इंग्लंड-ब्राझीलचा उपांत्य सामना दोन दिवस आधी उचलून कोलकात्याला नेला, आणि तिथे साठ हजारांवर प्रेक्षक जमले. तुळजापूरला हे कसे जमावे? पौर्णिमा पुढे ढकलता येत नाही आणि देवी दुसऱ्या गावी नेता येत नाही. २०२० साली करोनामुळे कोजागरी भाविकांवाचून झाली, तेवढा अपवाद.

पण तुळजापूरकडे एक गोष्ट आहे, जी मला त्या झगझगीत मैदानात दिसली नाही. पंचेचाळीस किलोमीटरचा तो रस्ताच एक मोठी चाळणी आहे. कुणी भराभर चालतो, कुणी खिचडीला थांबतो, कुणी पाय चोळून घेतो, कुणी झाडाखाली झोपतो. सोलापुरातून एकदम निघालेली माणसे घाटापाशी विरळ होऊन पोचतात. ते मांडव नुसते पुण्याचे नाहीत. ते गर्दीचे बांध आहेत. आणि पुजाऱ्यांची घरे म्हणजे शेकडो लहान दरवाजे, प्रत्येकाच्या पाहुण्याला आपापला ठाऊक.

हे आज लिहायचे कारण असे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा लोहमार्ग आता होतो आहे. २०२५ साली राज्य सरकारने मंदिर परिसराच्या १,८०० कोटींहून अधिक खर्चाच्या आराखड्याला मान्यता दिली आहे. दोन्ही गोष्टी हव्यातच. अक्काच्या गुडघ्यांना विचारा! परंतु आगगाडी माणसे विरळ करून आणत नाही. ती हजारभर माणसे एका क्षणी एका फलाटावर ओतते, आणि ती सगळी त्याच पायऱ्यांकडे निघतात. रस्ता जे फुकट करत होता, ते आता कुणीतरी हिशेबाने करावे लागेल. रुंद वाटा, थांबण्याच्या जागा, मागच्याला अडवणारा डोळा, आणि पाहुणा ज्या ओसरीवर हक्काने जाऊन बसू शकेल अशी घरे. नकाशा काढणाऱ्याने निदान एकदा, कोजागरीच्या रात्री, सोलापूरहून चालत यावे.

सामना पाहून आम्ही सोलापूरला परतलो, तेव्हा भाच्याने आईला सारे रंगवून सांगितले. दिवे, गवत, माली देशाच्या पोरांचे धावणे. अक्का भाकरी थापता थापता ऐकत होती. सगळे झाल्यावर तिने एकच विचारले, "इतक्या लांबून गेलात तुम्ही. तिथं कुणी पाय चोळून दिले का रे?"

पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "नाही अक्का. पण खुर्ची दिली होती."

"मग बरं," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.