पंचवीस नंबरचं दार

आमच्या कंपनीचं बिल आमच्याच मशीननं, मधे कुणालाही न घेता, थेट गिऱ्हाइकाच्या मेल सर्व्हरपर्यंत नेऊन पोचवावं, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतल्या ईडीपीवाल्यांशी, म्हणजे संगणक विभागवाल्यांशी, मी त्यावरून भांडलोही आहे. आज मी नेमकं उलट सांगतो, आणि ज्यांच्याशी भांडलो ते मला आता चिडवतात. त्यांना चिडवू द्या. पण ते मत काही उगाच धरलेलं नव्हतं, म्हणून ते का होतं हेही सांगायला हवं.

मशीन म्हणजे एएस/400. आयबीएमनं 21 जून 1988 रोजी ते जाहीर केलं. 1978 मध्ये भारतातून निघून गेलेली ही कंपनी 1992 मध्ये टाटांबरोबर भागीदारी करून परत आली, आणि त्यानंतर इथल्या कारखान्यांत, बँकांत ही काळी पेटी दिसू लागली. पुढे तिचं नाव आयसीरीज झालं, मग सिस्टिम आय, आणि 2008 पासून तिच्यावरची प्रणाली आयबीएम आय. आमच्या प्लांटमध्ये मात्र आजही सगळे एएसफोरहंड्रेडच म्हणतात. हिरवी अक्षरं, काळा पडदा, चोवीस फंक्शन की. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा गेला की आम्ही माणसं कूलरसमोर बसतो आणि दोन एसी मशीनच्या खोलीत लावतो.

या मशीनवर वाढलेल्या माणसाला एक सवय लागते. इथे प्रत्येक कामाची नोंद असते. रात्रीचा जॉब कितीला सुरू झाला, कितीला संपला, कुठे अडला, सगळं जॉब लॉगमध्ये. प्रिंटला टाकलेली स्पूल फाइल तयार आहे, छापली जातेय की थांबवून ठेवलीय, हे एका नजरेत दिसतं. 'गेलं असेल बहुतेक' हे वाक्य आमच्या खोलीत चालत नाही.

पूर्वी बिलं निघायची डॉट मॅट्रिक्सवर, छापील स्टेशनरीवर, तीन प्रतींत. एक प्रत ट्रकबरोबर जायची. मग 2017 मध्ये जीएसटी आला, त्यामागून ई-इनव्हॉइस: ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना, आणि टप्प्याटप्प्यानं खाली येत ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वरच्यांना. बिलावर क्यूआर कोड आला आणि अकोला, अमरावती, चंद्रपूरच्या डीलरांना ट्रक गेटबाहेर पडायच्या आत पीडीएफ हवी झाली. स्पूल फाइलची पीडीएफ करणं या मशीनला जड नाही. प्रश्न होता तो ती बाहेर कशी पाठवायची याचा.

माझ्या मते त्याचं उत्तर 1982 मध्येच देऊन झालं होतं. त्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याच्या एसएमटीपी पद्धतीचे नियम लिहिले आणि ते इतके सरळ आहेत की माणूस हातानं ते बोलणं करू शकतो. नव्या पोरांना मी ते करून दाखवायचो. समोरच्या सर्व्हरचं पंचवीस नंबरचं पोर्ट टेलनेटनं उघडायचं. तिकडून 220 येतो, म्हणजे बोला. आपण 'हेलो' म्हणून आपल्या मशीनचं नाव सांगायचं, 250, म्हणजे ठीक. पत्र कुणाकडून, 250. कुणाला, 250. मग 'डेटा', तिकडून 354, म्हणजे लिहा. लिहायचं, शेवटी एका ओळीवर नुसतं टिंब द्यायचं. पुन्हा 250. पत्र त्यांच्या ताब्यात. पोरांचे डोळे मोठे व्हायचे. कुठे पासवर्ड नाही, कुठे मधला दलाल नाही. दोन मशीनं एकमेकांशी बोलली आणि काम झालं.

त्यामुळे कुणी 'रिले वापरा', म्हणजे मेल दुसऱ्या सर्व्हरच्या हाती द्या, असं म्हटलं की मला ते आळशीपणाचं वाटायचं. दर महिन्याचे पैसे कशाला? कोणत्या डीलरला काय भाव दिला ते तिसऱ्याच्या सर्व्हरवरून का जाऊ द्यायचं? त्याची सेवा बंद पडली तर आमचे ट्रक का अडावेत? या तिन्ही प्रश्नांत आजही दम आहे. शिवाय आमच्या मशीननं ते काम केलंही, कुरकुर न करता. मेल पाठवण्याची कमांड आहे, एसएनडीएसएमटीपीईएमएम, एका दमात म्हणून बघा. ती आमच्या बिलाच्या प्रोग्रॅमच्या शेवटी बसवली आणि बिलं जाऊ लागली.

मग फोन सुरू झाले. "साहेब, बिल तं आलंच नाही ना." मी जॉब लॉग उघडायचो. गेलं, वेळेसकट. "पाहा ना भाऊ, स्पॅममध्ये असेल." कधी तिथे सापडायचं, कधी तिथेही नाही. तिकडच्या सर्व्हरनं 250 म्हटलं होतं, पत्र घेतलं होतं आणि मालकाला न सांगता बाजूला ठेवलं होतं. कधी सरळ 550 यायचा, घेणार नाही. चौकशी केली तर आमच्या लीज लाइनच्या आयपी पत्त्यांच्या शेजारचं कुणीतरी कचरा मेल पाठवत होतं, आणि ब्लॉकलिस्टवर सगळी गल्लीच चढली होती.

तरीही मी हलत नव्हतो. लाइन देणाऱ्याला पत्र लिहून आयपीची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, करून घेतली. डोमेनवर एसपीएफची ओळ टाकली: या डोमेनची पत्रं फक्त या पत्त्यांवरून येतील. काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा कुणाचा तरी फोन.

माझं मत वळवलं ते एका फोननं नाही. आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका मुलीनं एकदा विचारलं, "सर, आपल्या मशीननं पाठवलं हे तुम्हाला माहीत आहे. पण आपल्या नावानं पाठवायचा त्याला हक्क आहे हे समोरच्याला कुणी सांगितलं?" मी एसपीएफकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "ते पत्त्याचं झालं सर. सही कुठे आहे?"

सही म्हणजे डीकेआयएम. पाठवणारा सर्व्हर पत्रावर आपल्या गुप्त किल्लीनं सही करतो, घेणारा डोमेनच्या डीएनएस नोंदवहीतली उघडी किल्ली काढून ती पडताळतो. आणि डीमार्क म्हणजे डोमेनच्या मालकानं लावलेली पाटी: या दोन्ही तपासण्यांत नापास झालेलं माझ्या नावाचं पत्र आलं तर त्याचं काय करायचं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलनं हे सक्तीचं केलं. लहान पाठवणाऱ्याकडेही एसपीएफ किंवा डीकेआयएम, सुलटी-उलटी डीएनएस नोंद आणि टीएलएस, म्हणजे वाटेतलं कूटलेखन, हवं. दिवसाला 5,000 च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवीत. आमच्या मशीनचा एसएमटीपी सर्व्हर ही सही करत नाही. तिथे माझा वाद संपला.

इतवारीच्या बाजारात अनोळखी माणूस उधारीवर माल मागायला गेला तर शेठजी मालाबद्दल बोलत नाहीत, आधी विचारतात, कोणाकडून आलात? 1982 मध्ये मेलच्या बाजारात हा प्रश्न नव्हता, कारण तो बाजारच लहान होता. आता पहिला प्रश्न तोच आहे, आणि त्याचं उत्तर देण्यात माझी सरळ, सुंदर, टिंबावर संपणारी बातचीत कमी पडते. ती खोटी ठरली नाही, अपुरी ठरली. रोज लाखो पत्रं पाठवून ओळख कमावलेल्या सर्व्हरकडे आपलं पत्र सोपवणं यात आळस नाही, हे मला पटलं.

सोपवलं कसं ते सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. एएस/400 आता कोणत्याही परक्या सर्व्हरशी बोलत नाही. शेजारच्या रॅकमध्ये एक लहान लिनक्स मशीन आहे, त्यावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर. चेंज एसएमटीपी ॲट्रिब्यूट्सच्या पडद्यावर मेल राऊटरच्या रकान्यात त्याचं नाव. पण तेवढं पुरत नाही! त्याच पडद्यावर फायरवॉल असा रकाना आहे, तो 'येस' करावा लागतो. तो 'नो' राहिला तर समोरच्या डोमेनचा पत्ता सापडला की मशीन राऊटरला बगल देऊन थेट जातं. टेस्ट मेल पोचते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि रिले वापरलाच गेलेला नसतो. दुसरी खोच होस्ट टेबलची. मशीनचं पूर्ण नाव, डोमेनसकट, तिथे आणि टीसीपी/आयपीच्या बारा नंबरच्या पर्यायात जुळलं पाहिजे. नाहीतर मशीन 'हेलो'ला अर्धंच नाव सांगतं आणि कडक सर्व्हर तिथेच दार लावतो.

पोस्टफिक्स पुढे कंपनीच्या मेल सेवेकडे 587 पोर्टवरून, टीएलएस लावून, लॉगिन करून पत्र देतं. सही तिथे होते. मधे लिनक्स कशाला, एएस/400 थेट लॉगिन करू शकतं की, असं विचाराल. करू शकतं. पण मेल सेवावाले लॉगिनचे नियम सारखे बदलतात. साधा पासवर्ड घेणं ते एकामागून एक बंद करत आहेत आणि त्या प्रत्येक बदलामागे बिलाच्या मशीनला हात लावायची माझी तयारी नाही. बदल व्हायचे ते लहान पेटीवर होऊ देत. आणि आमच्यासारख्या जुन्या आयबीएमभक्तांना गोड वाटावं असं एक: पोस्टफिक्स वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्याच संशोधन केंद्रात लिहिलं, 1998 मध्ये ते बाहेर आलं. म्हणजे घरचंच.

सगळंच मत सोडलेलं नाही. भावाची माहिती तिसऱ्याच्या सर्व्हरवरून जाते हे मला आजही रुचत नाही, म्हणून रेट लिस्ट मेलनं जात नाही आणि पगाराची स्लिप पासवर्ड लावल्याशिवाय निघत नाही. परत आलेली मेल कुठे जाते यावरही मी अडून बसलो. पाठवणाऱ्याच्या जागी 'नो-रिप्लाय' लिहायची फॅशन आहे. आमच्याकडे तिथे खरा मेलबॉक्स आहे आणि डिस्पॅचमधलं माणूस तो रोज सकाळी उघडतं. चुकलेले पत्ते तिथेच कळतात.

ज्यांच्याकडे हे मशीन आहे आणि बिलं अजून पंचवीसच्या दारातून थेट जातात, त्यांना एवढंच सांगणं: मशीनला हात लावण्याआधी तुमच्या कंपनीच्या डोमेनच्या डीएनएसचं लॉगिन कुणाकडे आहे ते शोधा. बऱ्याच ठिकाणी ते कधीकाळी वेबसाइट करून दिलेल्या माणसाकडे असतं, आणि तो आता फोन उचलत नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही ओळी तिथेच लिहायच्या असतात. ते लॉगिन हाती येईपर्यंत बाकी कशालाही सुरुवात करू नका.