बोटांआडचा उजेड

विजेरी हा शब्द आम्ही लिहिताना वापरतो. बोलताना मात्र आमच्या वसईत लहानथोर सारे तिला बॅटरीच म्हणतात. ‘फादर, काळोख आहे, बॅटरी घेऊन जा,’ हे वाक्य या धर्मग्रामात आल्यापासून आम्ही किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. वाडीतल्या अरुंद पायवाटा, पावसाळ्यात त्यांवर साचणारे पाणी, केळीच्या बागेतून सळसळत जाणारे एखादे जनावर आणि अवेळी जाणारी वीज यांमुळे आमच्या भागात विजेरीवाचून कोणाचे चालत नाही. अशा या साध्या वस्तूचा आराखडा करण्यात, सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या आम्ही जवळजवळ दोन वर्षे घालवली, हे सांगितले तर वाचकांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. परंतु हा उद्योग आम्ही का आरंभला, ते सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यालगत गुजरातकडे गेले. आमच्याकडे झाडे उन्मळून पडली, तारा तुटल्या, वीज गेली. दुसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास एक मुलगा धापा टाकीत दाराशी आला. वाडीच्या टोकाला राहणारे एक वृद्ध शेतकरी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, त्यांचे काही खरे नाही, असा निरोप होता. दिवस साथीचे होते. आम्ही मुखपट्टी बांधली, अभ्यंगाचे तेल व प्रार्थनेचे पुस्तक घेतले आणि चार महिन्यांपूर्वी हौसेने विकत घेतलेली नवी विजेरी घेतली. तिच्यात पाच तऱ्हेचा उजेड आहे, असे दुकानदाराने अभिमानाने सांगितले होते.

खोलीत एक मेणबत्ती विझत आली होती. पुस्तकातील अक्षरे दिसावीत म्हणून आम्ही विजेरीचे बटण दाबले. पांढराशुभ्र झोत थेट त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर पडला. मंद प्रकाश कोठे आहे ते शोधण्यासाठी आम्ही घाईने ती बंद करून पुन्हा लावली, तो दुसरा झोत निघाला. पुन्हा तेच केले, आणि विजेरी वेड्यासारखी लखलखू लागली. त्या उघडझाप करणाऱ्या उजेडात त्यांचे विस्फारलेले डोळे आणि थरथरत वर उचललेला हात आम्हांला तुकड्यातुकड्यांनी दिसला. त्यांची पत्नी ओरडली, ‘फादर, मालवा हो तो दिवा!’ चष्म्यावर वाफ धरली होती, बटण बोटाला सापडत नव्हते. अखेर आम्ही ती विजेरी खिशात कोंबली. नातीने नवी मेणबत्ती आणली आणि तिच्या उजेडात आम्ही विधी पुरा केला. पहाटेपूर्वी ते गेले.

त्यानंतर अनेक दिवस एकच विचार आमची झोप मोडीत असे. त्या माणसाने डोळे मिटण्यापूर्वी आमच्या हातून शेवटचे काय पाहिले?

आमच्या धर्मग्रामात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेला एक तरुण आहे. कारण न सांगता आम्ही ती विजेरी त्याच्या पुढे ठेवली आणि ती अशी का वागते, असे विचारले. त्याने ती उघडून दाखवली. आतील लहानशा चिपला एवढेच शिकवलेले असते, की विद्युतप्रवाह तुटून पुन्हा आला, की पुढचा प्रकार दाखवावा. म्हणून मंद उजेडासाठी झालेली आमची प्रत्येक धडपड आम्हांला त्या लखलखाटाच्या एकेक पायरी जवळ नेत होती. तो म्हणाला, ‘फादर, यात बिघाड काहीच नाही. ज्याने बनवली त्याने ती अशीच ठरवली आहे.’ या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. बिघाड असता तर तो दुरुस्त करता आला असता. ज्याने हा क्रम ठरवला, त्याच्या मनात आजाऱ्याची खोली आलीच नव्हती. आम्ही त्याला म्हणालो, ‘मग आपण एक बनवू.’

काम हाती घेतल्यावर कळले, की उजेड कमीजास्त करण्याची ही सोय तशी अलीकडची आहे. डेव्हिड मिसेल नावाच्या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत हातातल्या विजेरीचे पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. एका नळीत एकापाठोपाठ एक सेल, टोकाला दिवा आणि मागे परावर्तक, ही तिची रचना आजही ओळखू येते. त्या काळचे सेल आणि कार्बनच्या तारेचे दिवे इतके दुबळे होते, की उजेड सलग टिकत नसे. क्षणभर लावायचा आणि विझवायचा, म्हणून अमेरिकेत तिला ‘फ्लॅशलाइट’ हे नाव पडले. पुढे टंगस्टनच्या तारेचा दिवा आला आणि आपल्या वाडवडिलांच्या हाती ती पत्र्याची, दोन सेलांची विजेरी आली. तिला लागणे आणि विझणे एवढेच ठाऊक होते. खरे स्थित्यंतर घडवले ते निळ्या एलईडीने. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला, की पांढरा प्रकाश मिळतो. हा निळा दिवा साध्य करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एलईडीचा गुण असा, की तो सेकंदाला हजारो वेळा लावता-विझवता येतो. डोळ्याला ती उघडझाप दिसत नाही, फक्त उजेड कमी झालेला दिसतो. शंभर क्षणांपैकी वीस क्षण दिवा लागला, तर उजेड वीस टक्के. मात्र आपला डोळा या हिशेबाने चालत नाही. उजेड निम्मा केला, तरी तो जेमतेम कमी झाल्यासारखा वाटतो. म्हणून पायऱ्या फार लांब लांब ठेवाव्या लागतात. पुष्कळ प्रयोगांनंतर आम्ही चार पायऱ्या ठरवल्या : अर्धा टक्का, तीन टक्के, वीस टक्के आणि पूर्ण. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, २५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा एक लिथियम सेल पूर्ण उजेडात अडीच तास पुरतो. वीस टक्क्यांवर तो बारा तास आणि तीन टक्क्यांवर तीन दिवसांहून अधिक चालतो. वादळानंतरच्या रात्री ज्यांनी काढल्या आहेत, त्यांना या आकड्यांचे मोल सांगावयास नको.

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले. ॲल्युमिनिअमची नळी लेथवर कातून घेतली, कारण एलईडीची उष्णता अंगावाटेच बाहेर काढावी लागते. दिव्याच्या रंगावरून आमचा पहिला वाद झाला. थंड, निळसर पांढरा दिवा तेवढ्याच विजेत थोडा अधिक उजेड देतो, असे त्याचे म्हणणे होते. परंतु त्या उजेडात जिवंत माणसाची कातडीही मृतवत दिसते, हे आम्ही पाहिले होते. शेवटी मेणबत्तीच्या जवळ जाणारा, सुमारे ३००० केल्विनचा पिवळसर दिवा निवडला. लाल दिवाही घालावा, त्याने अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही, असे त्याने सुचवले. ते खरे आहे. भगभगीत उजेडानंतर डोळ्यांना काळोखाची सवय पुन्हा व्हायला अर्धा तासही लागतो. पण लाल उजेडात रक्ताचा डाग नीट दिसत नाही. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याला तो दिसला पाहिजे. म्हणून लाल दिवा गळला.

लखलखाट मुळीच नको, हा आमचा हट्ट. त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘फादर, माझे मामा अर्नाळ्याहून मासेमारीला जातात. इंजिन बंद पडलं तर याच उजेडाने दुसऱ्या होडीला हाक मारता येते.’ आम्ही निरुत्तर झालो. आमच्या एका रात्रीच्या दुःखापायी दुसऱ्या कोणाच्या रात्रीचा आधार काढून घेण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. तेव्हा तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड हा संकटाचा इशारा ठेवला. मात्र विजेरी पूर्ण उजेडावर असताना बटण पाच सेकंद दाबून धरल्यावाचून तो लागणार नाही, अशी तजवीज केली. चाचपडणाऱ्या बोटाला तो चुकूनही सापडू नये. आणि विजेरी केव्हाही लावली, तरी प्रारंभ अर्ध्या टक्क्यापासूनच व्हावा, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी कागदावर लिहिला होता, तो अखेरपर्यंत बदलला नाही.

पहिला नमुना तयार झाला तेव्हा तो कोणाला दाखवावा, हे आम्हांला मनोमन ठाऊक होते. तरीही पाय उचलायला आठवडा लागला. मावशी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी विजेरी हातात घेतली, पुढून-मागून पाहिली, बटण दाबले. उजेड लागला. मग त्यांनी ती जमिनीवर उभी करण्याचा प्रयत्न केला. ती कलंडली. पुन्हा उभी केली, पुन्हा कलंडली. बटण बुडाशी होते आणि ते बाहेर आलेले होते.

‘फादर, ही उभी नाही राहत?’

‘नाही, मावशी.’

‘मग हिला कायम कोणीतरी धरून बसायचं. आजाऱ्याकडे दोन हात लागतात हो.’

दोन वर्षांच्या खटाटोपात हे आम्हांला सुचले नव्हते. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्यात तेल घेऊन आम्ही किती खाटांजवळ उभे राहिलो असू. प्रत्येक वेळी मेणबत्ती कोणीतरी बाजूला ठेवलेली असे आणि ती उभी राहते, ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती.

मग आम्ही त्या रात्रीविषयी बोललो. ही विजेरी का बनवली, ते सांगितले आणि क्षमा मागितली. मावशींचे हात थांबले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘ह्यांच्याकडे पत्र्याची बॅटरी होती. पहाटे अडीचला उठून भाजीच्या पाट्या बांधायचे, पहिल्या गाडीने दादरला न्यायला. पोरं इथेच खाली झोपलेली. उजेडाने उठतील म्हणून काचेवर असा हात धरायचे.’ त्यांनी आपला तळहात विजेरीच्या तोंडावर ठेवला. बोटांच्या फटींतून आणि बोटांच्या मांसातूनही तांबूस उजेड झिरपला. ‘एवढ्या उजेडात सगळं करायचे. पोरांना कधी कळलं नाही, बाप केव्हा उठून गेला ते.’

आम्ही त्या तांबूस बोटांकडे पाहत राहिलो. चिप, सेल, पायऱ्या आणि टक्के यांचा शोध आम्ही दोन वर्षे घेत होतो. त्या माणसाला मात्र मंद उजेड कसा करावा हे चाळीस वर्षांपूर्वी ठाऊक होते. त्या रात्री बटण शोधण्याऐवजी आम्ही काचेवर हात ठेवला असता तरी पुरे होते. हात आमच्याजवळ होता, तो ठेवण्याचे आम्हांला सुचले नाही. मावशींनी क्षमेविषयी काही म्हटले नाही. त्यांनी वालाचे सूप पुढे ओढले आणि म्हणाल्या, ‘बटण बाजूला घ्या. आणि बोटाला लागेल असं काहीतरी करा त्याला, मला दिसत नाही आता.’

त्याप्रमाणे दुसरा नमुना झाला. बटण कुशीवर घेतले. टेलिफोनच्या पाचच्या आकड्यावर असतो, तसा एक उंचवटा त्यावर ठेवला. बूड सपाट केले. आता ती उभी राहते. झोत छताला लागून खाली उतरतो आणि खोलीभर पसरतो, कोणाच्याही डोळ्यांत जात नाही. अशा दोनच विजेऱ्या आम्ही केल्या. एक मावशींच्या उशाशी असते. दुसरी आमच्या दाराजवळच्या खिळ्याला, तेलाच्या पिशवीशेजारी.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पुन्हा बोलावणे आले आणि वीज नव्हती. तो तरुण सोबतीला होता. दारातून आत शिरण्यापूर्वी आम्ही विजेरीच्या काचेवर डावा तळहात धरला आणि मग बटण दाबले. तो हळूच म्हणाला, ‘फादर, हात कशाला? अर्धाच टक्का आहे.’ त्याचे बरोबर होते. त्या उजेडाने झोपलेले मूलही जागे झाले नसते. पण आम्ही हात काढला नाही. बोटे तांबूस झाली, खाट दिसली, खाटेवरचा चेहरा दिसला. मग विजेरी फळीवर उभी करून ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून आम्ही आजाऱ्याजवळ बसलो.