हायलँडमधला हत्ती

ट्रेकिंग करणाऱ्या जमातीचे काही अलिखित नियम असतात. त्यातला पहिला म्हणजे टूरच्या बसला हसणे. रायगडाच्या पायथ्याशी एकसारख्या टोप्या घातलेली मंडळी बसमधून उतरतात, कोणीतरी "चला चला, पाऊण तासात खाली" म्हणून ओरडत असतं, आणि आपण मात्र उगाचच सॅकचे पट्टे आवळून त्यांच्याकडे न बघता चालायला लागतो. त्यामुळे मी स्कॉटलंडची तीन दिवसांची ग्रुप बस टूर बुक केलीय हे आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "टोपी कुठल्या रंगाची देतायत रे?"

टोपी नव्हती. कारण साधं होतं. ऑनसाईटच्या चार महिन्यांत मिळालेला एकच लाँग वीकएंड, हायलँडच्या आतल्या भागात मोजक्या सरकारी बस आणि एकट्याने गाडी भाड्याने घेण्याइतका पर डिअम मिळत नाही. असो.

सकाळी एडिनबराच्या रॉयल माईलवर एक छोटी बस उभी होती. ड्रायव्हर आणि गाईड एकच, पन्नाशीचा माणूस, किल्ट घालून. प्रवासी वीस-बावीस. ऑस्ट्रेलियाच्या दोघी बहिणी, एक कोरियन कॉलेजकुमार, ब्राझीलचं निवृत्त जोडपं आणि मागच्या सीटवर झोपायलाच आलेले तिघे जर्मन. माईक फिरवून सगळ्यांना नाव, गाव आणि यायचं कारण सांगायला लावलं. अगदी कंपनीतलं इंडक्शन! मी म्हटलं, "डोंगर बघायला." पठ्ठ्या आरशातून माझ्याकडे बघून नुसता हसला.

तासाभरात स्टर्लिंग आलं. उजवीकडे टेकडीवर विल्यम वॅलेसचं स्मारक दिसतं, ६७ मीटर उंच, १८६९ साली पूर्ण झालेलं. इथेच १२९७ साली वॅलेसने इंग्रजांची फौज एका अरुंद लाकडी पुलावर गाठली. एका वेळी दोनच घोडेस्वार जातील इतका पूल. अर्धी फौज अलीकडे, अर्धी पलीकडे, आणि मग वरून हल्ला. मला तर उंबरखिंडच आठवली. १६६१ साली कारतलबखानाची अवस्था याहून काही वेगळी नव्हती. गंमत म्हणजे 'ब्रेव्हहार्ट' सिनेमातल्या या लढाईत पूलच नाही! ड्रायव्हरला त्याचा भारी राग. "उद्या कोणी तुमच्या किल्ल्याचा सिनेमा काढला आणि किल्लाच दाखवला नाही तर?" मी म्हटलं, आमच्याकडे सिनेमात किल्ला दाखवतात, बाकीचं गाळतात.

कॅलंडरच्या पुढे डोंगर सुरू होतात. मग रॅनॉक मूर, म्हणजे मैलोन्‌मैल दलदल, काळं पाणी, झाड औषधाला नाही. आणि एका वळणानंतर ग्लेनको. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला सहजासहजी कुठला डोंगर आवडत नाही, पण इथे मी गप्प बसलो. दोन्ही बाजूंना अंगावर येणारे काळे कडे, त्यावरून पांढऱ्या धारा आणि मधल्या दरीत कोणी म्हणजे कोणी नाही. फोटोसाठी वीस मिनिटं. (वीस मिनिटांत मी सॅकमधून जर्किन काढतो. बसचं हे काही मला पटलेलं नाही.)

ऑस्ट्रेलियातली धाकटी म्हणाली, "किती अनटच्ड आहे ना!"

ड्रायव्हर म्हणाला, "रिकामं आहे. पण पहिल्यापासून नव्हतं." आणि बसमध्ये चढल्यावर त्याने गोष्ट सांगितली.

राजा तिसरा विल्यम याने हायलँडच्या सगळ्या सरदारांना एक डेडलाईन दिली. १ जानेवारी १६९२ च्या आत निष्ठेची शपथ घ्या. ग्लेनकोच्या मॅकडोनल्ड लोकांचा म्हातारा प्रमुख ३१ डिसेंबरला फोर्ट विल्यमला पोचला. तिथला अधिकारी म्हणाला, हे काम आमच्याकडे नाही, इनव्हररीला जा. आता सरकारी ऑफिसात 'ही खिडकी नाही' ऐकलेल्या कोणालाही पुढचं कळेल. म्हातारा बर्फातून तंगडतोड करत इनव्हररीला गेला तर साहेब नववर्षाच्या सुट्टीवर! शपथ झाली ६ जानेवारीला. ती लंडन-एडिनबराच्या लोकांनी धरलीच नाही, कारण त्यांना एक उदाहरण हवंच होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुमारे १२० सैनिक ग्लेनकोत मुक्कामाला आले. त्यांचा कॅप्टन कॅम्पबेल घराण्यातला. मॅकडोनल्डनी त्यांना घराघरात ठेवून घेतलं. जवळजवळ दोन आठवडे एका ताटात जेवण, पत्ते, दारू. १३ फेब्रुवारीच्या पहाटे पाहुण्यांनी यजमानांना कापायला सुरुवात केली. ३८ माणसं मारली गेली, आणि बर्फात पळालेल्या बायका-पोरांपैकी किती गारठून गेली त्याचा हिशेब कोणाकडे नाही.

ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्यालाच मारलं. हे पोर्तुगीज बोलणाऱ्या आजींनाही समजावून सांगावं लागलं नाही.

पण दरी रिकामी झाली ती त्यामुळे नव्हे. मारलेल्यांचे भाऊबंद परत येऊन राहिलेच. खरी रिकामी झाली ती पुढच्या शे-दीडशे वर्षांत. १७४६ साली कलोडनच्या मैदानावर हायलँडच्या बंडखोरांचा शेवटचा पराभव झाला. हत्यारं काढून घेतली, किल्टवर कायद्याने बंदी आली, ती १७८२ पर्यंत. मग त्यांच्याच जमीनदारांना कळलं की कुळांपेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त आहे. माणसं हाकलली, कोणी कॅनडाला गेलं, कोणी ग्लासगोच्या गिरण्यांत. खिडकीतून आता मला हिरव्या उतारांवर दगडी जोत्यांच्या ओळी दिसायला लागल्या. सकाळपासून मी त्यांना शेताचे बांध समजत होतो.

जेवण फोर्ट विल्यमला. सूप आणि पाव, विशेष सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी ग्लेन शीलमधून आयलन डोनन. हा किल्ला तुम्ही पाहिलाय. 'कुछ कुछ होता है'च्या टायटल साँगमध्ये शाहरुख आणि काजोल ज्याच्यासमोर नाचतात तोच. पुलावर एक देशी कुटुंब हात पसरून उभं होतंच. खरा किल्ला १७१९ साली राजाच्या आरमाराने तोफा डागून आणि सुरुंग लावून उडवला, कारण मॅकेन्झी घराण्याने बंडात भाग घेऊन आत स्पॅनिश शिबंदी ठेवली होती. दोनशे वर्षं नुसते दगड पडून होते. आज दिसतो तो बांधून पूर्ण झाला १९३२ साली.

मॅकेन्झी हे नाव ऐकलं आणि माझी ट्यूब पेटली. आदल्या संध्याकाळी एडिनबरा किल्ल्यासमोरच्या पटांगणात एक मोठा दगडी क्रॉस पाहिला होता, ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा. त्यावर चक्क हत्ती. स्कॉटलंडात हत्ती कुठून आला म्हणून रात्री हॉस्टेलवर शोधत बसलो होतो. तो आला जालना जिल्ह्यातून. २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले विरुद्ध आर्थर वेलस्ली. वेलस्लीकडच्या गोऱ्या पायदळाच्या दोन्ही पलटणी हायलँडर, ७४ वी आणि ७८ वी. त्यांना बक्षीस म्हणून हे हत्तीचं चिन्ह मिळालं. त्याच्या दीड महिना आधी अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावणारी पलटणही ७८ वीच. माझं आजोळ नगरचं. आणि ही ७८ वी पलटण १७९३ साली उभी केली कोणी? याच मॅकेन्झी घराण्याने. ज्यांचा किल्ला राजाने उडवला त्यांनीच पाऊणशे वर्षांच्या आत राजाला पलटण भरून दिली.

सकाळपासून मी मनाने या लोकांच्या बाजूने होतो. ग्लेनकोत तर घशात आवंढा आला होता. आता त्या पुलावर उभं राहून नक्की कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे कळेना. जमीन गेलेला पोरगा फौजेत जाणार नाही तर काय करणार? किल्टसुद्धा बंदीच्या काळात उघडपणे घालता यायचा तो फौजेतच. हे सगळं पटतं. पण तटाच्या आतल्या माणसाला शिडी लावणाऱ्याची कौटुंबिक पार्श्वभूमी ऐकायला वेळ नसतो.

मुक्काम कायलाकिनला, स्कायचा पूल ओलांडला की लगेच. हॉस्टेलमध्ये वरचा बंक मिळाला. रात्री ड्रायव्हर बाहेर बाकावर चहा घेऊन बसला होता. त्याला हत्तीचं सांगितलं. क्रॉस त्याने हजारदा पाहिलेला, पण असई कुठे आहे ते माहीत नव्हतं. मी त्याला मॅप दाखवला, दोन नद्यांच्या मधलं ते गाव. नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत असताना समोरासमोर दोन गावं दिसली म्हणून तिथे उतार असणारच, हे वेलस्लीने ताडलं, तेही सांगितलं.

तो बराच वेळ मोबाईलच्या स्क्रीनवर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, "आणि हरलेल्यांपैकी कितीजण घरी परतले?"

मी म्हटलं, "त्यांच्या नावाचा क्रॉस मला अजून कुठे दिसलेला नाही."

"पुढच्या बसला मी हे सांगणार. गावाचं नाव नीट म्हणून दाखव."

"असई."

"असाये."

"नाही, अ-स-ई."

तिसऱ्या वेळी जमलं त्याला.