शब्द कागदावर यावा

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत मी अमेरिकेतल्या विमा व्यवसायासाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. काम बरं होतं, पगार वेळेवर होता. पण मी लिहिलेलं वापरणारा माणूस मला कधी दिसला नाही. २०१६च्या उन्हाळ्यात ती नोकरी सोडून मी बाणेरमधल्या एका फ्लॅटमध्ये चालणाऱ्या कंपनीत गेले. सगळी माणसं एका जेवणाच्या टेबलाभोवती मावायची. कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करत होती. संस्थापक सातारा जिल्ह्यातले, घरी गाई असलेले, वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव राहिलेले. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात दादांनी मला एका संकलन केंद्रावर नेलं. पहाटे पाचला केंद्राचं शटर उघडलं तेव्हा बाहेर किटल्या आणि कॅन घेऊन माणसं उभी होती. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्रात जायचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पडद्यावर यायचं, काट्यावर वजन व्हायचं, दरपत्रकातून दर निघायचा आणि पावती छापली जायची. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरलेलं. त्याखाली एक पॉइंट घसरला की लिटरमागे पैसे कापले जातात आणि दहा दिवसांच्या बिलात ती कपात साचत जाते. रांग थांबवून चालत नाही, कारण दूध थांबत नाही आणि टँकरही थांबत नाही. दादा म्हणाले, ‘‘रांग संपेपर्यंत इथंच बस. मग काय बदलायचं ते तू मला सांग.’’

मी सांगितलं आणि दोन दिवसांत ते बदललं. वजनकाट्याचा आकडा स्थिर व्हायच्या आत आमचा प्रोग्राम तो उचलत होता, त्यामुळे कधी कधी वजन कमी लागत होतं. मोठ्या कंपनीत एवढ्याशा बदलासाठी विनंती अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी यांत महिना गेला असता. इथे जिने चूक पाहिली तिनेच ती दुरुस्त केली, आणि ज्या माणसाला निर्णय घ्यायचा होता तो शेजारच्या खुर्चीत होता. संस्थापक स्वतः चालवत असलेल्या कंपनीचं सगळ्यात मोठं देणं मला हे वाटतं. काम आणि निर्णय यांच्यामध्ये कुणी उभं नसतं. पंचविशी-तिशीतल्या माणसाला त्यातून जे शिकायला मिळतं, ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. तोवर अनेक संस्थांचं दुधाचं बिल रोखीनं वाटलं जायचं. पुढच्याच आठवड्यात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि गावाकडचा बहुतेक पैसा याच बँकांतून फिरणारा. सचिवांचे फोनवर फोन येऊ लागले : बिल थेट खात्यात टाकायचं आहे, यादी कशी काढायची? प्रत्येक बँकेला फाइल वेगळ्या रचनेत लागत होती. दादा बँकांत जाऊन त्यांचे नमुने आणत होते, आम्ही इथे कोड लिहीत होतो. पुढचं बिल निघायच्या आत पहिल्या काही संस्थांची यादी बँकेत गेली. आपलं काम नेमकं कुणाच्या घरी पोचतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

पण माझ्या मनावर ठसा आहे तो दुसऱ्या एका प्रसंगाचा. एका मोठ्या संस्थेच्या चेअरमनांनी बरीच केंद्रं एकदम देऊ केली. अट एकच होती : यंत्रातून आलेली फॅट केंद्रचालकाला हातानं बदलता आली पाहिजे आणि पावतीवर ते दिसता कामा नये. आमच्याकडे तेव्हा पुढच्या दोन महिन्यांच्या पगाराचीही खात्री नव्हती. दादांनी सगळ्यांसमोर फोन केला आणि शांतपणे सांगितलं, ‘‘साहेब, यंत्रानं दिलेला आकडा शेतकऱ्याचा आहे. तो आम्ही लपवून बदलू देणार नाही.’’ काम हातचं गेलं. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, ‘‘लाइट जाते, यंत्र बिघडतं, तेव्हा हातानं नोंद करावीच लागते. पण तशी नोंद पावतीवर वेगळी दिसली पाहिजे.’’ त्याच संध्याकाळी मी हातानं भरलेल्या आकड्यापुढे पावतीवर फुली छापण्याची सोय केली. असा माणूस कंपनीच्या मुळाशी आहे, या विश्वासावर मी पुढची अनेक वर्षं तिथे काम केलं.

या जवळिकीची किंमतही होती. गाईला रविवार नसतो आणि दिवाळीही नसते. संकलन सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे सगळे दिवस चालतं. यंत्र आणि कॉम्प्युटरचं जुळलं नाही की पहाटे साडेपाचला फोन वाजायचा. दादा स्वतः फोन घ्यायचे, म्हणून आमच्यापैकी कुणी नाही म्हणत नसे. संस्थापकाला त्याची कंपनी रात्रंदिवस दिसत असते आणि ते स्वाभाविक आहे. पण त्याचा वेग आपोआप सगळ्यांचा वेग होतो. घरी लहान मूल किंवा आजारी सासूबाई असलेल्या माणसाला तो वेग झेपत नाही. मग तो माणूस कामात कितीही चोख असला तरी मनातून मागे पडतो. शेवटी पहाटेच्या फोनच्या पाळ्या लावल्या, तेव्हा सगळ्यांनाच मोकळा श्वास मिळाला. दादांनाही.

माझ्या बाळंतपणाच्या वेळी दादा म्हणाले, ‘‘पाहिजे तेवढी सुट्टी घे, पगार चालू राहील.’’ ते त्यांनी पाळलं. पुढे कंपनी वाढली, दादा आणि टीम यांच्यामध्ये व्यवस्थापक आले. चाचणी विभागातली एक मैत्रीण गरोदर राहिली तेव्हा तिला सुट्टीसाठी तीनदा अर्ज करावा लागला, कारण रजेचा नियम कुठे लिहिलेलाच नव्हता. मला दादांचा शब्द मिळाला होता; तिच्यापर्यंत तो पोचला नव्हता. खरं तर कायदा स्पष्ट आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा आस्थापनेत, २०१७च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा बाईचा हक्क आहे. मी कायद्याची प्रत घेऊन दादांकडे गेले. त्यांना वाईट वाटलं. ‘‘माझ्याकडे का नाही आली ती?’’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘दादा, तिला तुमच्याकडे यावं लागू नये, यासाठीच नियम हवा.’’ त्या महिन्यात कंपनीचं रजेचं पहिलं धोरण लिहून झालं.

शेअरच्या बाबतीतही असंच घडलं, आणि तिथे नुकसान जास्त झालं. सुरुवातीला पगार कमी होते. दादा म्हणायचे, ‘‘कंपनी मोठी झाली की तुमचा हिस्सा आहेच.’’ पुण्यात इन्फोसिसची गोष्ट सगळ्यांच्या कानावर असते. ती कंपनी १९८१ साली पुण्यातच, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली आणि १९९४मध्ये तिनं कर्मचाऱ्यांसाठी शेअरची योजना आणली. त्यातून किती घरं उभी राहिली याच्या कहाण्या आमच्या आईवडिलांनीही ऐकलेल्या. दादांचा हेतू खरा होता याबद्दल मला आजही शंका नाही. पण कायद्याला हेतू दिसत नाही. योजना कागदावर हवी, भागधारकांचा ठराव हवा, प्रत्येकाला पत्र हवं. पत्र मिळाल्याच्या तारखेपासून किमान एक वर्ष गेल्याशिवाय पहिला शेअरही तुमच्या हक्काचा होत नाही. बहुतेक ठिकाणी पूर्ण हिस्सा हाती यायला चार वर्षं लागतात. आमची पत्रं निघायला कंपनी सुरू झाल्यावर बराच काळ गेला. त्याआधी घरच्या अडचणींमुळे सोडून गेलेल्या दोन जुन्या सहकाऱ्यांच्या हाती काहीच आलं नाही. सॉफ्टवेअरचा पाया त्यांनी रचला होता. दादांनी नंतर वाट काढायचा प्रयत्न केला, पण नोकरी सोडलेल्या माणसाला मागच्या तारखेनं असा हक्क देण्याची सोयच नाही.

पत्र मिळालं तरी ते समजून घ्यावं लागतं. त्यात शेअर नसतात, ठरलेल्या किमतीला ते विकत घेण्याचा हक्क असतो. ठरलेली किंमत भरून शेअर घेतले की त्या दिवशीची त्यांची ठरवलेली किंमत आणि आपण भरलेली रक्कम यांतला फरक पगार धरला जातो आणि त्यावर कर लागतो. शेअर विकता येवोत न येवोत, कर रोखीत भरायचा. २०२०च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलण्याची सवलत आली, पण ती सरकारचं विशेष प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरतीच. आमच्याकडे ते नव्हतं. नोकरी सोडल्यावर हक्क वापरायला अनेक ठिकाणी तीनच महिने देतात. तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत, तर कित्येक वर्षांची कमाई सोडून द्यावी लागते. हे सगळं मी टीममधल्या प्रत्येकाला बसवून समजावलं, कारण कुणी विचारायला धजत नव्हतं. ज्याला आपण दादा म्हणतो त्याच्याकडे कागद मागणं आपल्याकडे अविश्वासाचं वाटतं.

२०२१मध्ये देशभर स्टार्टअपकडे पैशांचा ओघ लागला. त्या एका वर्षात अब्ज डॉलर मूल्याच्या चाळीसहून अधिक नव्या कंपन्या भारतात झाल्या. आम्हालाही गुंतवणूक मिळाली. फ्लॅट सुटला, मजलाभर ऑफिस आलं, विक्रीसाठी बाहेरून अनुभवी माणसं आली, दर महिन्याचं लक्ष्य आलं. दादांचे दिवस मुंबईत गुंतवणूकदारांसोबतच्या बैठकांत जाऊ लागले. आणि एके दिवशी पुढच्या तिमाहीच्या कामांच्या यादीत मला एक ओळ दिसली : फॅट-एसएनएफ हातानं बदलण्याची सोय, पावतीवर खूण नको.

ज्यानं ती ओळ लिहिली तो तरुण प्रामाणिक होता. ग्राहकानं मागितलं, त्यानं नोंदवलं. त्या फोनच्या वेळी तो कंपनीत नव्हता आणि तो फोन कुठे लिहून ठेवलेला नव्हता. आमच्या कंपनीचं सगळ्यात मोठं तत्त्व मोजक्या लोकांच्या आठवणीत होतं, आणि त्यातले निम्मे तोवर सोडून गेले होते. मी ते काम अडवून धरलं आणि दादांची वेळ मागितली. भेट व्हायला बरेच दिवस लागले. यादीतली ओळ वाचून ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः मराठीत एक पान लिहून सगळ्यांना पाठवलं : आपलं सॉफ्टवेअर काय करणार नाही. मोजलेला आकडा पुसला जाणार नाही. बदललाच तर जुना आकडा, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ कायम राहील. शेतकऱ्याच्या पावतीवर ते दिसेल. विक्रीच्या करारातही ते कलम गेलं. एक ग्राहक त्यामुळे सुटला, आणि तो का सुटला हे यावेळी सगळ्या कंपनीला ठाऊक होतं.

२०२२मध्ये अमेरिकेत व्याजदर चढले आणि इथला पैशाचा ओघ आटला. आमच्याकडेही माणसं कमी करावी लागली. दादा प्रत्येकासोबत स्वतः बसले. शेअरचे हक्क वापरायची मुदत त्यांनी संचालक मंडळाकडून वाढवून घेतली, आणि तसं पत्र प्रत्येकाच्या हातात दिलं. जाणाऱ्यांचं दुःख त्यानं कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण आपलं काय आहे आणि काय नाही, हे प्रत्येकाला नेमकं माहीत होतं. पत्रं निघण्याआधी सोडून गेलेल्या त्या दोघांना ते कधीच कळलं नव्हतं.

२०२३मध्ये मी तिथून बाहेर पडले. माझ्या वाट्याचे काही शेअर पैसे भरून घेतले, त्यांवर करही भरला. त्यांचं पुढे काय होईल ते कंपनीच्या वाटचालीवर आहे. नवी मुलं मला विचारतात, अशा छोट्या कंपनीत जावं का? मी जा म्हणते. संस्थापकाच्या शेजारी बसून काम करण्याची संधी आयुष्यात सोडू नये. पण पहिल्या दिवशीच, मोकळ्या मनानं, हिश्श्याचं पत्र, रजा आणि कामाच्या वेळा लिहून मागा. चांगल्या संस्थापकाला त्यात अपमान वाटत नाही. दादांना वाटला नाही.

आणि संस्थापकांना माझी विनंती आहे. कंपनी एका टेबलाभोवती मावते तेव्हाच तुमचा शब्द कागदावर उतरवा : माणसांना काय द्याल तेही, आणि कितीही पैसे मिळाले तरी काय करणार नाही तेही. तेव्हा लिहायला एक संध्याकाळ पुरते. पुढे तुम्ही प्रत्येक खोलीत हजर नसाल. पण तुमच्या नावावर विश्वास ठेवून आलेली माणसं तिथे असतील, आणि पहाटे रांगेत उभा असलेला शेतकरीही असेल. त्यांच्या हातात ते पान असलं पाहिजे.