नदीकाठचा मुक्काम

‘कँप’ हा शब्द सरकारी नोकराला नवा नाही. साहेब दौऱ्यावर असले की पत्राच्या माथ्यावर आपण ‘कँप’ असे लिहून पुढे गावाचे नाव घालतो. साहेब येथे आहेत, पण येथले नाहीत, एवढा सारा अर्थ त्या एका शब्दात मावतो. मला तर वाटते, बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्या आपणां सर्वांच्या दारावर हीच पाटी लावायला हवी.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत हा शब्द मला फार निराळ्या थाटात भेटला. नैरोबीत नोकरीला असलेल्या माझ्या आतेभावाने आम्हां तिघांना बोलावून घेतले आणि केनियातील मसाई मारा येथे, नदीकाठच्या एका तंबूंच्या कँपमध्ये, दोन रात्रींचा मुक्काम स्वतःच्या खर्चाने ठरवून टाकला. त्या अभयारण्यात परदेशी पाहुण्याला जूनअखेरपर्यंत दिवसाला १०० डॉलर शुल्क पडते. जुलैपासून ते २०० होते. तंबूचे भाडे किती, हे भावाने सांगितले नाही आणि मीही विचारण्याचे धाडस केले नाही. कारकुनाला आकडा कळला की त्याची झोप जाते.

तंबू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलिसांची राहुटी किंवा लग्नाचा मांडव उभा राहतो. हा तंबू निराळा होता. लाकडी फळ्यांच्या उंच ओट्यावर कॅनव्हासच्या भिंती, आत भारी पलंग, त्यावर पांढरीशुभ्र मच्छरदाणी, लिहिण्याचे मेज, मागल्या बाजूस गरम पाण्याची न्हाणी. विषुववृत्त जवळ असले तरी तो प्रदेश उंचावर असल्यामुळे रात्री चांगलाच गारठा पडतो. पहिल्या रात्री पांघरुणात पाय घालताच पत्नी ओरडली, “अहो, आत काहीतरी जिवंत आहे!” ते गरम पाण्याने भरलेली रबरी पिशवी निघाले. शेजारच्या तंबूपर्यंत तिचे हसू ऐकू गेले असेल. कापडाच्या भिंतीला कान फार.

कँपचा व्यवस्थापक मोठ्या अभिमानाने सांगत होता, की उद्या हा सारा पसारा उचलला तर जमिनीत पाया म्हणून काही उरणार नाही. मला गंमत वाटली. ज्यांची घरे भक्कम दगडाची आहेत, ती माणसे बिनपायाच्या घरात दोन रात्री झोपण्यासाठी अर्धे जग ओलांडून येतात. आणि आपण उभा जन्म बिनपायाचे राहून त्यालाच कायम नोकरी म्हणतो!

समोर मारा नदी वाहत होती, गढूळ आणि संथ. माऊच्या डोंगराळ अरण्यात ती उगम पावते आणि टांझानियात शिरून व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. सेरेंगेटीच्या बाजूने येणारे विल्डेबीस्टचे लाखोंचे कळप ती ओलांडतात. दरसाल सरासरी ६ हजारांहून अधिक जनावरे तिच्यात बुडून मरतात. आम्ही गेलो तेव्हा ते कळप यायचे होते. पाण्यात होते ते पाणघोडे. दिवसभर ते नुसती नाके वर काढून पडलेले असत आणि अंधार पडला की ठरलेल्या पायवाटेने गवतावर चरायला निघत. पहाटेच्या आत पुन्हा पाण्यात हजर. त्यांची ती शिस्त पाहून मला आमचा हजेरीपट आठवला.

या पायवाटा तंबूंच्या अगदी जवळून जात. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायची सक्त मनाई होती. भोजनाला जाताना आणि परतताना हाती दिवा घेतलेला रखवालदार सोबत येई. त्याला तिकडे ‘आस्करी’ म्हणतात. आमच्या वाट्याला आलेले आस्करी पन्नाशीचे मासाई गृहस्थ होते. अंगावर तांबडी शुका, पायांत टायरच्या चपला, बोलणे मोजके. तंबूला स्वाहिलीत काय म्हणतात, असे मी विचारले, तर म्हणाले, ‘हेमा’. आपल्या उत्तरेकडील ‘खेमा’ तो हाच! ‘सफारी’ म्हणजे तर नुसता प्रवास. आपली ‘सफर’ आणि ती सख्ख्या बहिणी, दोघींचे माहेर अरबी. आणि आपले वडीलधारे अधिकारी ‘सफारी’ घालून कचेरीतल्या खुर्चीवर बसत आले!

मी त्यांना त्यांचे गाव विचारले. त्यांनी नदीपलीकडे बोट दाखवले. मग थोडे थांबून म्हणाले, “आम्ही पूर्वी उत्तरेला होतो.” पूर्वी म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या काळी.

या ‘पूर्वी’चा इतिहास मी नैरोबीला परतल्यावर वाचला. किनाऱ्यावरील मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांच्या हातांनी. रेल्वेपाठोपाठ गोरे वसाहतवाले आले आणि त्यांना रेल्वेच्या दुतर्फा असलेली मासाईंची चराऊ जमीन हवीशी झाली. १९०४ साली करार झाला. मासाईंनी खोऱ्यातून उठून उत्तरेस लायकिपियाला व दक्षिणेस जावे. ही व्यवस्था मासाई जमात अस्तित्वात असेपर्यंत टिकेल, असे त्यात नमूद होते. ती सात वर्षे टिकली. १९११ साली दुसरा करार होऊन लायकिपियाही सोडावे लागले. मासाई न्यायालयात गेले. हे करार म्हणजे तह आहेत आणि तह या न्यायालयाच्या कक्षेत येत नाहीत, असे म्हणून दावा काढून टाकण्यात आला.

ते वाचताना माझ्यातला कारकून अस्वस्थ झाला. त्या काळी तेथील सरकारी कचेऱ्यांतून गोव्याचे कारकून पुष्कळ होते. हुकूम साहेबाचा असला, तरी एखाद्या प्रतीवरचे अक्षर आपल्या बाजूच्याच माणसाचे असेल. माणसे उठवण्याचे काम शेवटी कागदच करतो, आणि कागद आपण लिहितो.

परंतु एक गोष्ट त्या कागदांना साधली नाही. नैरोबी हे नाव मासाईंच्या भाषेतले, थंड पाण्याचे. नैवाशा हे नावही त्यांचेच. मारा म्हणजे ठिपक्याठिपक्यांची. माणसे उठली, त्यांनी ठेवलेली नावे जागची हलली नाहीत.

हे सारे मला इतके लागावे, याला कारण घरचेच होते. माझ्या सेवापुस्तिकेत ‘होम टाउन’च्या रकान्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव आहे. तेथले घर गेल्या वर्षी विकले गेले. थोरले बंधू पुण्यात स्थायिक झाले. आईही त्यांच्याकडेच असते. तेव्हा रकान्यात पुणे लिहावे, हेच व्यवहाराला धरून होते. हा बदल सबंध नोकरीत एकदाच करता येतो. अर्ज भरून मी टेबलाच्या खणात ठेवला होता. सही तेवढी राहिली होती.

परतीच्या विमानात नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, “बाबा, त्या आस्करीकाकांचे गाव उत्तरेला होते. आपले कुठे आहे?” दिल्ली, असे उत्तर त्याला मान्य नव्हते, तेथे आपण क्वार्टरमध्ये राहतो, हे त्याला ठाऊक आहे. मी गावाचे नाव सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा नीट आले.

त्या अर्जावर मी सही केलेली नाही. येत्या डिसेंबरात रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही तिघे गावी जाणार आहोत. उतरायचे शेजारच्या काकूंकडे, असे पत्राने ठरले आहे. आपले घर उरले नाही अशा गावी जाण्याचे भाडेही सरकार देते. या नोकरीत मिळालेल्या सवलतींपैकी ही मला सर्वांत मोठी वाटते.