अंगवळणी

माणूस हा सवयीचा गुलाम आहे, असे म्हणतात. शाळेत या विषयावर मी निबंधही लिहिला होता. पण सवय म्हणजे काय, ते मला यंदाच्या रोवणीत कळले.

पहिले वर्ष वर्गात, पंख्याखाली गेले. जुलैत गावी जाऊन आईबरोबर रोवणीच्या मजुरीला निघाले. पहिल्याच दुपारी, त्या दमट उकाड्यात, चिखलाच्या बांधीत डोळ्यांपुढे अंधारी आली. पऱ्ह्यांची जुडी हातातून सुटली. "कालेजातली पोरगी!" म्हणून बाया हसल्या. मला मात्र रडू आले. चार बुके शिकून मी आईच्या कामाला निकामी झाले की काय?

आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्या बरोबरीने वाकत होते. पुढे ग्रंथालयातल्या एका पुस्तकात कारण सापडले. उष्णतेत रोज काम केले की आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदयाची धडधड उतरते. काम सुटले की काही आठवड्यांत शरीर हे सारे विसरते. म्हणजे मी निकामी झाले नव्हते. अंग फक्त विसरले होते.

मग आजीचे काय? आमचे जुने गाव वैनगंगेच्या काठी होते. १९८८ साली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी चढू लागले तशी गावे उठली. मी दुसरीत असताना आम्ही नव्या गावठाणात आलो. आजीचे पाय इथल्या सरळ रस्त्यांना केव्हाच सरावले. तरी पहाटे ती बादली उचलते आणि म्हणते, "नदीवर जाऊन येतो." दारापर्यंत जाते, थांबते, मग बादली नळाखाली ठेवते.

"आजी, आता तरी सवय कर ना!" असे मी एकदा चिडून बोलले. ती गप्प राहिली. ते बोलणे आजही मला टोचते.

आपली भाषा 'अंगवळणी' म्हणते. 'मनवळणी' असा शब्द तिने घडवला नाही. अंग विसरते म्हणून माणूस कुठेही जगतो. पण मनेही तशीच विसरू लागली, तर तिथे एक गाव होते हे कोण सांगणार?

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीजवळ वही घेऊन बसले. घरापासून घाटापर्यंतची वाट तिने सांगितली, मी लिहून घेतली. त्या वाटेवर आता पाणी आहे. आजी मात्र कुठेही अडखळली नाही.